स्क्रीन रीडर कामाच्या मध्येच गप्प होतो, रीस्टार्ट केलं की बोलतो, चार दिवसांनी पुन्हा तेच

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, आणि एनव्हीडीए हा विंडोजवरचा त्यातलाच एक. ही तक्रार सतत येते आणि जवळजवळ त्याच शब्दांत येते: "एनव्हीडीए अचानक बंद पडतं. मशीन रीस्टार्ट केलं की ठीक होतं." मग थोडे दिवस सुरळीत जातात आणि ऐन मीटिंगमध्ये पुन्हा सगळं शांत.

यात रीस्टार्टनेच घोळ होतो. आवाज परत येतो हे खरं, पण तो का गेला होता हे सांगणारी खूणही त्याच वेळी पुसली जाते. बऱ्याचदा एनव्हीडीए बंद पडलेलंच नसतं. ते बोलत असतं, फक्त आवाज भलतीकडे जात असतो. किंवा आपल्याच बोटाने त्याला गप्प बसवलेलं असतं. किंवा समोरचा प्रोग्राम त्याला काही सांगतच नाही. कानाला तिन्ही सारखंच ऐकू येतं, म्हणजे काहीच नाही. उपाय मात्र तिन्हींचे वेगळे आहेत. म्हणून आधी आवाज कुठे अडला ते शोधायचं, मग सेटिंगला हात लावायचा.

खालचं सगळं विंडोज आणि एनव्हीडीए धरून लिहिलं आहे. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनाही बराचसा भाग तसाच लागू पडेल, कारण अर्धी कारणं विंडोजच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये आहेत. एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक, तुम्ही जी ठेवली असेल ती.

आवाज गेला त्या क्षणी

सगळ्यात आधी एंटर आणि स्पेसवरून हात काढा. घाबरून बटणं दाबत सुटलं की अर्धवट मेल जातो किंवा फाइल न वाचलेल्या प्रश्नाला "हो" म्हणून बंद होते. त्या वेळी फोकस कुठे आहे, म्हणजे दाबलेलं बटण कशाला लागू होईल, हे आपल्याला माहीत नसतं, हे लक्षात ठेवा.

आता एनव्हीडीए की आणि एफ 12 दाबा. वेळ ऐकू आली तर रीडर जिवंत आहे, त्याचा आवाज तयार होतोय आणि तो कानापर्यंत पोचतोय. दोष समोरच्या प्रोग्राममध्ये आहे. मोठी एक्सेल फाइल हिशेब करत असेल, ब्राउझर अडकला असेल. ऑल्ट टॅबने दुसऱ्या खिडकीत जा, तिथे नीट बोलत असेल तर पहिल्या प्रोग्रामला थोडा वेळ द्या.

वेळ ऐकू येते, पण ॲरो दाबला की काहीच नाही, आणि हे प्रत्येक खिडकीत होतंय? मग तो "मागणीनुसार बोलणं" हा मोड आहे. एनव्हीडीए की आणि एस दाबत गेलं की बोलण्याचे मोड फिरतात: बोलणं, मागणीनुसार, बंद, बीप. मागणीनुसार हा मोड 2024.1 या आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या सवयीच्या लोकांना तो चटकन ओळखू येत नाही. या मोडमध्ये तुम्ही मुद्दाम विचारलेलं, म्हणजे वेळ किंवा खिडकीचं नाव, एवढंच वाचलं जातं.

वेळही ऐकू आली नाही तरी आधी हेच करून बघा: एनव्हीडीए की आणि एस, मग थांबून ऐका. प्रत्येक दाबण्याला मोडचं नाव सांगितलं जातं. पण "बंद" या मोडचंही नाव ऐकू येतं आणि मग शांतता होते, त्यामुळे नाव ऐकून समाधान मानू नका. "बोलणं" येईपर्यंत दाबा. जॉजमध्ये यासाठी इन्सर्ट आणि स्पेस एकत्र दाबून सोडायचं आणि मग एस दाबायचं.

हा मोड बदलतो कसा, हे समजलं की समस्या कायमची सुटते. ज्यांची एनव्हीडीए की कॅप्स लॉक आहे त्यांच्याकडे हे जास्त घडतं. फाइल सेव्ह करायला आपण दिवसभर कंट्रोल एस मारतो. बोट जरा वर पडून कंट्रोलऐवजी कॅप्स लॉकवर गेलं की फाइल सेव्ह होत नाही आणि रीडरचा मोड बदलतो. घाईत दोनदा दाबलं तर दोनदा बदलतो. काम जितकं वेगात, तितकं हे जास्त. लोक म्हणतात "सेव्ह करताना बंद पडतं", आणि मग फाइलमध्ये दोष शोधत बसतात.

एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये स्पीच या विभागात मोडांची एक यादी आहे. या बटणाने कोणकोणते मोड फिरावेत ते त्यात ठरवता येतं. "बंद" आणि "मागणीनुसार" यांच्यावरची खूण काढा. बोलणं आणि बीप एवढंच ठेवा. मग बोट चुकलं तरी टुक् टुक् ऐकू येतं आणि काय झालं ते लगेच कळतं. मला ही सगळ्या पोस्टमधली सगळ्यात उपयोगी सेटिंग वाटते, आणि ती फार थोड्या लोकांनी केलेली असते.

याच्याच शेजारची दुसरी चूक म्हणजे स्लीप मोड. एनव्हीडीए की, शिफ्ट आणि एस. लॅपटॉप मांडणीत (एनव्हीडीएची लॅपटॉपसाठीची बटणांची मांडणी) एनव्हीडीए की, शिफ्ट आणि झेड. हा त्या एका प्रोग्रामपुरता लागतो. तिथे वेळसुद्धा सांगितली जात नाही, पण ऑल्ट टॅब केलं की बाकी सगळीकडे व्यवस्थित बोलतं. तेच बटण पुन्हा दाबलं की सुटलं.

आणखी एक गोष्ट तपासायची ती रीडरच्या स्वतःच्या आवाजाची पातळी. कंट्रोल, एनव्हीडीए की आणि ॲरो यांनी वेग, पातळी, आवाज पटापट बदलता येतात. लॅपटॉप मांडणीत त्यात शिफ्टही असतं. चुकून पातळी शून्यावर गेली तर रीस्टार्टनेही फरक पडत नाही, कारण बाहेर पडताना एनव्हीडीए सेटिंग सेव्ह करून ठेवतं. जनरल सेटिंगमध्ये "बाहेर पडताना सेव्ह करा" ही खूण काढून टाका आणि जे बदल खरोखर हवे आहेत ते एनव्हीडीए की, कंट्रोल आणि सी दाबून स्वतः सेव्ह करा. मग चुकून काही बिघडलं तर एनव्हीडीए की, कंट्रोल आणि आर एकदा दाबलं की शेवटच्या सेव्ह केलेल्या सेटिंगवर परत येता येतं. एकदाच दाबा, लागोपाठ तीनदा दाबलं तर सगळं फॅक्टरी सेटिंगला जातं.

नॅरेटरला बोलवा

एवढं करूनही शांतताच असेल तर कंट्रोल, विंडोज आणि एंटर दाबा. विंडोजचा स्वतःचा नॅरेटर सुरू होतो. तो बोलला तर आवाजाचा मार्ग मोकळा आहे आणि दोष एनव्हीडीएमध्ये आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबून ते नव्याने सुरू करा. नॅरेटरही गप्प असेल तर एनव्हीडीएच्या मागे लागू नका. आवाज दुसऱ्याच उपकरणाकडे चाललाय.

शेजारी डोळस सहकारी असेल तर याहून सोपी चाचणी आहे. एनव्हीडीएच्या टूल्स मेन्यूत स्पीच व्ह्यूअर आहे. रीडर जे बोलतो ते सगळं त्या छोट्या खिडकीत अक्षरांत उमटतं. तो आधीच सुरू असेल तर सहकाऱ्याला एवढंच विचारायचं: "मी ॲरो दाबतोय, तिथे नवीन ओळी येतायत का?" येत असतील तर एनव्हीडीए बोलतंय आणि आवाज वाटेत हरवतोय. ब्रेल डिस्प्ले (पडद्यावरची ओळ ब्रेलमध्ये उमटवणारं उपकरण) वापरणाऱ्यांना हे विचारायचीही गरज नाही, ओळ बोटाखाली आलेलीच असते.

डॉक लावला आणि आवाज गेला

ऑफिसात पोचल्यावर लॅपटॉप डॉकला (मॉनिटर आणि बाकी उपकरणं जोडून देणाऱ्या डब्याला) लावायचा आणि त्याच क्षणी शांतता, हा प्रकार मी सगळ्यात जास्त ऐकतो. डॉकला मॉनिटर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टने जोडलेला असतो. या दोन्ही केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो, म्हणून विंडोजला तो मॉनिटर आवाजाचं उपकरण वाटतो आणि कधी कधी तोच डीफॉल्ट होतो. मॉनिटरला स्पीकर नसेल तर एनव्हीडीए बोलत राहतं आणि ते कुणालाच ऐकू येत नाही. घरी हाच लॅपटॉप उत्तम चालतो, म्हणून आयटीवाले म्हणतात "मशीनमध्ये काही दोष नाही". दोष नाहीच, आवाजाची वाट बदललेली आहे. मॉनिटर स्टँडबायमधून जागा होतो तेव्हाही हेच होतं, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीनंतर आवाज गेलेला असतो.

तात्पुरता उपाय: वायरचा यूएसबी इअरफोन खणात कायम ठेवा. तो लावला की विंडोज बहुतेक वेळा आवाज त्याच्याकडे वळवतं. ऐकू येत नसताना सेटिंग चाचपडण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे.

कायमचा उपाय आवाज चालू असताना करायचा. विंडोज आणि आर दाबा. रन खिडकीत इंग्रजीत ही अक्षरं सलग टाइप करा: एम, एम, एस, वाय, एस, मग डॉट, मग सी, पी, एल. एंटर. आवाजाची जुनी खिडकी उघडते, प्लेबॅक टॅबवर, आणि फोकस उपकरणांच्या यादीत असतो. खाली ॲरोने फिरा. मॉनिटर त्याच्या मॉडेलच्या नावाने दिसेल. त्यावर शिफ्ट आणि एफ 10 दाबून मेन्यू उघडा आणि "डिसेबल" निवडा. स्पीकर नसलेल्या प्रत्येक मॉनिटरसाठी हेच करा. परवानगी मागितली गेली तर आयटीकडून करून घ्या, मिनिटभराचं काम आहे.

त्यानंतर एनव्हीडीए की, कंट्रोल आणि यू दाबा. एनव्हीडीएच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये आउटपुट उपकरण डीफॉल्टवर न सोडता आपला इअरफोन नावाने निवडा. जुन्या आवृत्तीत ही निवड सिंथेसायझरच्या, म्हणजे बोलण्याचा आवाज तयार करणाऱ्या भागाच्या, खिडकीत असते, ती एनव्हीडीए की, कंट्रोल आणि एस ने उघडते.

मीटिंग सुरू झाली की आवाज बुडतो

इथे दोन वेगळी कारणं एकमेकांत मिसळतात.

पहिलं विंडोजचं. कॉल सुरू झाला असं विंडोजला कळलं की ते बाकीच्या सगळ्या आवाजांची पातळी 80 टक्क्यांनी उतरवतं. ही सुरुवातीपासूनची सेटिंग आहे. संगीत ऐकणाऱ्याला ती सोयीची, आपल्याला घातक, कारण "बाकीच्या आवाजांत" स्क्रीन रीडरही येतो. वर सांगितलेल्या त्याच खिडकीत कंट्रोल, शिफ्ट आणि टॅब एकदा दाबलं की शेवटचा, कम्युनिकेशन्स टॅब येतो. टॅबने पर्यायांपर्यंत जा, खाली ॲरोने "डू नथिंग" निवडा, ओके करा. इतकंच. ही सेटिंग नव्या मशीनवर पहिल्याच दिवशी बदलून टाकावी.

दुसरं कारण ब्लूटूथ हेडसेट. त्याच्या चालण्याच्या दोन पद्धती असतात. नुसतं ऐकायचं असेल तेव्हा चांगल्या प्रतीचा आवाज. माइक चालू झाला की फोनसारखा दबलेला आवाज. कॉल लागला की हेडसेट एका पद्धतीतून दुसरीत जातो आणि त्या बदलात रीडरचा आवाज तुटतो, कधी परत येतच नाही. विंडोज 10 मध्ये हे दोन वेगळी उपकरणं म्हणून दिसतात आणि एनव्हीडीए बंद झालेल्या उपकरणाला धरून बसतं. ब्लूटूथचा आणखी एक त्रास म्हणजे थोडा वेळ शांत गेला की हेडसेट झोपतो आणि पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर गिळतो. आकडे ऐकताना हे फार महागात पडतं. एनव्हीडीएच्या नव्या आवृत्त्यांत आवाजाच्या सेटिंगमध्ये उपकरण किती वेळ जागं ठेवायचं ते सेकंदांत ठरवता येतं, ते वाढवा.

माझं स्पष्ट मत: ज्याला दिवसभर कॉल घ्यायचे आहेत त्याने रीडर आणि मीटिंग एकाच ब्लूटूथ हेडसेटवर ठेवू नयेत. रीडर वायरच्या इअरफोनवर एका कानात, मीटिंग हेडसेटवर दुसऱ्या कानात. नोकरीच्या ठिकाणी दुसऱ्या इअरफोनची मागणी करायला संकोच वाटू देऊ नका. डोळस सहकाऱ्याला दुसरा मॉनिटर मिळतो, त्याच हक्काने हे मागा.

एक कान वापरणाऱ्यांनी आणखी एक बटण लक्षात ठेवा: एनव्हीडीए की, ऑल्ट आणि एस. 2024.2 पासून या बटणाने रीडर एका बाजूला आणि बाकी आवाज दुसऱ्या बाजूला जातो. सोय उत्तम आहे. पण चुकून दाबलं गेलं आणि नेमका रीडरच्या बाजूचा बड कानात नसेल, तर रीडर मेला असंच वाटतं. दुसरा बड कानाला लावून बघा.

मराठी मजकूर आला की गप्प

इंग्रजी मेल वाचतो, मराठी मेलवर काहीच नाही, किंवा मधली मराठी वाक्यं गाळून पुढे जातो. हा बिघाड नाही. अनेक इंग्रजी आवाजांना देवनागरी अक्षरं वाचताच येत नाहीत, ते ती सोडून देतात. विंडोज 10 आणि पुढच्या आवृत्त्यांवर एनव्हीडीए सुरुवातीला विंडोजचे वनकोअर आवाज घेतं, आणि इंग्रजी विंडोजवर तो आवाज इंग्रजीच असतो. एनव्हीडीए की, कंट्रोल आणि एस दाबून ई-स्पीक एनजी निवडा आणि आवाजांच्या यादीतून मराठी घ्या. ई-स्पीक एनव्हीडीएबरोबरच येतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही. त्याचा सूर यांत्रिक आहे आणि पहिल्यांदा कानाला टोचतो, हे मान्य. पण मध्ये इंग्रजी शब्द आले तर तेही वाचतं, आणि वेग वाढवला तरी शब्द स्पष्ट राहतात.

सगळीकडे हा आवाज नको असेल तर एनव्हीडीए की, कंट्रोल आणि पी दाबून फक्त मेलच्या प्रोग्रामसाठी वेगळं प्रोफाइल करा. नंतर कधी "एकाच प्रोग्राममध्ये आवाज वेगळा येतो" असं झालं तर हेच प्रोफाइल आधी तपासा.

स्कॅन केलेल्या पीडीएफचं वेगळं. तिथे अक्षरंच नसतात, फक्त चित्र असतं. एनव्हीडीए की आणि आर दाबलं की विंडोजची ओळख यंत्रणा त्यातला मजकूर वाचून देते, त्या भाषेची सोय मशीनवर असेल तर.

एकाच खिडकीत शांतता

प्रशासकाच्या परवानगीने चालणाऱ्या प्रोग्राममध्ये किंवा परवानगी विचारणाऱ्या काळ्या पडद्यावर रीडर गप्प होत असेल तर तुम्ही इन्स्टॉल न करता चालणारी पोर्टेबल प्रत वापरताय का ते बघा. पोर्टेबल एनव्हीडीएला तिथे प्रवेश नसतो. मशीनवर रीतसर इन्स्टॉल केलेलं एनव्हीडीए तिथे बोलतं. आयटीला हे नेमकं याच शब्दांत सांगा, कारण त्यांना "दोन्ही सारखंच आहे" असं वाटतं.

रिमोट डेस्कटॉपची खिडकी म्हणजे स्थानिक रीडरसाठी एक मोठं चित्र. पलीकडच्या मशीनवरही रीडर हवा आणि त्याचा आवाज इकडे यायला हवा. जोडणीच्या सेटिंगमध्ये लोकल रिसोर्सेस टॅबवर रिमोट ऑडिओ "या संगणकावर वाजवा" असं ठेवा. दोन्हीकडचे रीडर एकाच बटणावर भांडू लागले तर स्थानिक एनव्हीडीएला त्या खिडकीपुरता स्लीप मोड द्या. तो मोड मुळात अशाच कामांसाठी आहे. 2025.1 पासून एनव्हीडीएमध्ये स्वतःची रिमोट सोय आली आहे. तिच्यात आवाजाऐवजी बोलण्याचा मजकूर पाठवला जातो, म्हणून ती चपळ चालते. पण जोडणी बाहेरच्या सर्व्हरमार्गे होऊ शकते, तेव्हा ऑफिसच्या मशीनवर आधी परवानगी घ्या.

एनव्हीडीए अपडेट केल्यावर लगेच त्रास सुरू झाला असेल तर ॲड-ऑनकडे, म्हणजे एनव्हीडीएला वेगळ्या जोडलेल्या सोयींकडे, बघा. दरवर्षीच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे जिच्या नावात वर्षापुढे .1 असतं तिच्यात, जुने ॲड-ऑन चालेनासे होतात. एनव्हीडीए की आणि क्यू दाबून "ॲड-ऑन बंद ठेवून रीस्टार्ट" निवडा. त्रास गेला तर एकेक ॲड-ऑन चालू करत दोषी शोधा.

आयटीला काय सांगायचं

"स्क्रीन रीडर चालत नाही" अशी तक्रार केली की रिमोटने येऊन मशीन रीस्टार्ट केलं जातं आणि तिकीट बंद होतं. त्याऐवजी असं लिहा:

"सकाळी डॉक लावल्यावर एनव्हीडीएचा आवाज गेला. नॅरेटरचाही आवाज आला नाही. स्पीच व्ह्यूअरमध्ये मजकूर येत होता. डॉक काढल्यावर आवाज परत आला. मॉनिटर आवाजाच्या उपकरणांतून डिसेबल करून हवा आहे."

अशा तक्रारीला टाळता येत नाही, कारण काय झालं आणि काय हवं हे दोन्ही त्यात आहे.

कुणी जागेवर येणार असेल तर आधी स्क्रीन कर्टन, म्हणजे एनव्हीडीएने काळा केलेला पडदा, काढा: एनव्हीडीए की, कंट्रोल आणि एस्केप. नाहीतर त्यांना काळा पडदा दिसतो आणि ते मॉनिटरची केबल तपासू लागतात.

आणि लॉग, म्हणजे एनव्हीडीएने काय काय केलं याची नोंद. रन खिडकीत दोन टक्केचिन्हांच्या मध्ये टेम्प हा शब्द टाइप केला की टेम्प फोल्डर उघडतं. त्यात एनव्हीडीए डॉट लॉग ही चालू सत्राची फाइल असते आणि एनव्हीडीए-ओल्ड डॉट लॉग ही आधीच्या सत्राची. म्हणजे घाईत एनव्हीडीए एकदा रीस्टार्ट केलं गेलं तरी पुरावा ओल्ड फाइलमध्ये असतो. दुसऱ्यांदा केलं की तोही जातो. म्हणून पहिल्या रीस्टार्टनंतर आवाज आला की लगेच ती फाइल दुसरीकडे कॉपी करा, मग काम सुरू करा. आयटीने सविस्तर लॉग मागितला तर जनरल सेटिंगमध्ये लॉगची पातळी वाढवावी लागते. त्या पातळीवर तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण, पासवर्डसकट, फाइलमध्ये उतरतं. तेवढ्या वेळात कुठेही लॉगिन करू नका, आणि फाइल दिल्यावर पातळी पुन्हा पहिल्यासारखी करून एनव्हीडीए रीस्टार्ट करा.